देव मानणे आणि देव शोधणे

पिंपळपार

देव आहे की नाही यावर इथे इतके धागे निघालेत की त्यात भर घालायची इच्छा नाही. ज्यांना ते भांडण हवंय त्यांनी एखादा जुना धागा वर काढावा. माझा प्रश्न फक्त मानणाऱ्यांना आहे, आणि त्यात मीही आलो. मानता ना? मग शोधता का?

मी नाशिकच्या पंचवटीतला. घरातून निघालं की दहा मिनिटांत रामकुंड. वाटेत काळाराम, सीतागुंफा, कपालेश्वर. इतके देव आसपास असले की माणसाला देवाचा प्रश्नच पडत नाही. घरी रोजची पूजा आहे, चतुर्थी आहे, नवरात्रात घट बसतात, श्रावणात सत्यनारायण, वर्षातून एकदा वणीला गडावर जाणं. कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत सांगतो, हो, देव मानतो.

मध्यंतरी कॉलेजात जाणाऱ्या पुतणीनं विचारलं, "काका, उद्या समजा खात्रीनं कळलं की देव नाही, तर तुमचं काय बदलेल?" मी खरंच विचार करून पाहिला. काहीच नाही. पूजा चालू राहील, कारण सवय आहे. गडावर जाऊ, कारण जायची पद्धत आहे. गणपती बसेल, कारण पोरं ऐकणार नाहीत. मग तिनं उलट विचारलं, "आणि खात्रीनं कळलं की आहे, तर?" तरी काही नाही. पहिल्या उत्तराचं मला फार वाटलं नाही. दुसऱ्याचं वाटलं. एवढी मोठी गोष्ट खरी असली काय अन् नसली काय, माझ्या मंगळवारात काडीचा फरक पडत नाही.

माझा एक चुलतभाऊ पुण्यात असतो. तो आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. घरच्या प्रत्येक लग्नपत्रिकेत त्याचं नाव न चुकता घालतो. कुणी त्याच्याबद्दल वाकडं बोललं तर भांडतोही. पण त्याला भेटायला मी जात नाही, आणि भेट झाली नाही म्हणून माझं काही अडतही नाही. माझं देवाचं मानणं या जातीचं आहे.

आता दुसरं टोक बघा, तेही आमच्याच गावातलं. आगर टाकळीला नासर्डी गोदावरीला मिळते. बोहल्यावरून पळालेला नारायण नावाचा मुलगा १६२० च्या सुमाराला तिथे आला आणि बारा वर्षं राहिला. परंपरा सांगते की तो सकाळपासून माध्यान्हीपर्यंत नदीच्या पाण्यात उभा राहून रामनामाचा जप करायचा, मग पंचवटीत माधुकरी मागायचा. पुढे त्याचे समर्थ रामदास झाले. मला अडतं ते इथे: त्या मुलाला देव आहे हे स्वतःला पटवायचं नव्हतंच. तो आधीपासून मानत होता. मग बारा वर्षं पाण्यात उभा राहून करत काय होता?

दासबोधात समर्थांनी माणसांची वर्गवारी केली आहे: बद्ध (संसारात अडकलेला), मुमुक्षू (सुटू पाहणारा), साधक, सिद्ध (पोचलेला). त्यात 'मानणारा' असा वेगळा कप्पाच नाही. मग मी कुठे बसतो? पहिल्याच कप्प्यात बसत असणार.

माझी समजूत अशी आहे. मानायला मला काहीही द्यावं लागलं नाही. आईवडिलांनी हातात ठेवलं, मी घेतलं. शोधायचं तर आधी कबूल करावं लागतं की जे घेतलं ते अजून आपलं झालेलं नाही. देवघरासमोर जन्म काढलेल्या माणसाला हे म्हणणं फार जड जातं. न मानणाऱ्याला त्यामानानं सोपं असावं. तुम्हाला काय वाटतं?

त्र्यंबकरोड

रांगेत चार तास उभं राहणं शोधण्यात धरतात का? धरत असतील तर मी सिद्ध कप्प्यात.

बाकी त्या चुलतभावाला आधी फोन करा.

चुलीपाशी

धागा आवडला, पण मुद्दा पटला नाही. जरा तिखट लिहिते, रागावू नका.

माझ्या सासूबाई पहाटे उठून सडा-रांगोळी, तुळशीला पाणी, मग स्वयंपाक, नैवेद्य, आल्यागेल्याचं, असं आयुष्यभर करत आल्या. त्यांना "देव शोधता का?" विचारलं तर हसतील. त्यांना शोधायला वेळ कुठे होता? तुमच्या वर्गवारीत त्यांना पहिल्या कप्प्यात टाकायचं आणि पाण्यात उभं राहणाऱ्याला शेवटच्या, हे मला मान्य नाही.

आणि समर्थांचं उदाहरण दिलंत म्हणून. 'सावधान' ऐकून मुलगा पळाला हे आपण शाळेपासून कौतुकानं सांगतो. अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूला एक मुलगी उभी होती. त्या काळात बोहल्यावर नवरा पळून गेलेल्या मुलीचं काय होत असेल, याचा विचार कुठल्या कीर्तनात ऐकलाय कुणी? शोधायला निघणारे बहुतेक पुरुष. घरी राहून त्यांचं सगळं निभावणाऱ्या बायका. त्या मात्र 'नुसत्या मानणाऱ्या'.

पिंपळपार, तुमच्या घरी रोजचं निर्माल्य कोण उचलतं?

पिंपळपार

@चुलीपाशी, निर्माल्य बायको उचलते, देवाची भांडी आई घासते. नोंद घेतली.

पण एक विचारतो. सासूबाईंना मी पहिल्या कप्प्यात टाकलंच नाही, तिथे स्वतःला टाकलं. त्यांच्या करण्यात शोध असेलही. तो बाहेरून दिसत नाही एवढंच माझं म्हणणं. माझ्यातला नाही, हे मात्र मला आतून दिसतं.

शरणपूररोड

चुलीपाशी यांच्या मुद्द्याला जोडून आमच्या बाजूचं एक उदाहरण. मी मराठी ख्रिस्ती, नाशिकचाच.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे शोधणाऱ्याचं अगदी टोकाचं रूप. कविता, पुराणं, संस्कृत सगळं पचवलेला माणूस. आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं बायबल हातात दिलं, त्यावरून विचार सुरू झाला, आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. किंमत कुणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. त्या आमच्या गोदाकाठच्या जलालपूरच्या. नवरा धर्म सोडून गेला, पदरी लहान मूल, माहेरची आणि सासरची माणसं हवालदिल. काही वर्षं दोघं वेगळी राहिली.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला तो पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याच्या मागे मुकाट्यानं गेल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं, उलट पतिव्रता म्हटलं असतं. त्या गेल्या नाहीत. पुन्हा एकत्र राहायला लागल्यावरही त्यांनी स्वतःचं सोवळं सांभाळलं. जातीच्या उच्चनीचतेला काही अर्थ नाही हे त्यांना त्यांच्या स्वतःच्या विचारानं पटलं, तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, टिळकांच्या पाचेक वर्षांनी. नवऱ्याचा शोध त्यांनी उसना घेतला नाही. स्वतःचा केला, चूल सांभाळून केला.

म्हणून बायका शोधत नाहीत असं नाही म्हणता येणार. त्यांच्या शोधाला घराबाहेर पडण्याची मुभा नसते, हे मात्र शंभर टक्के.

चुलीपाशी

@शरणपूररोड, हे पटलं. जनाबाई जात्यावर बसून, आणि शिऊरच्या संत बहिणाबाई नवऱ्याचा मार खाऊन तुकोबांना गुरू करतात. त्यांची नावं राहिली. बाकीच्यांची राहिली नाहीत, एवढाच फरक असेल.

अर्धवट_नास्तिक

धागाकर्त्यांनी सुरुवातीलाच हाकललं आहे, तरी आलो.

माझी अडचण तुमच्या बरोबर उलटी. मी मानत नाही. देव या शब्दानं माझ्या मनात काहीही हलत नाही. पण काहीतरी शोधतोय हे नक्की. मला जागा आहे का इथे?

इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलो. नाशिकच्या लोकांना ते टेकडीवरचं सोनेरी पॅगोडाचं शिखर माहीत असतं, आत काय चालतं ते फारसं माहीत नसतं. दहा दिवस मौन. फोन जमा. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, चौथ्या दिवशी मुख्य साधना शिकवतात. फी नाही, शेवटी इच्छा असेल तर दान. आणि दहा दिवसांत एकदाही कुणी विचारत नाही की तुम्ही काय मानता. गोएंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन रात्री असतं, त्यात ते वारंवार सांगतात की मी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः अनुभवा.

माझे गुडघे बोंबलत होते आणि डोक्यात बहुतेक वेळ ऑफिस होतं. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीचा शोध घेणं म्हणजे काय असतं ते अंगाला लागलं. ते कंटाळवाणं असतं. हे कुणी सांगत नाही.

परत आल्यावर पांडवलेण्यावर गेलो. लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा पांडवांनी एका रात्रीत खोदली असं सांगितलं होतं. पांडवांचा काही संबंध नाही. त्रिरश्मी डोंगरावरची ती बौद्ध लेणी, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, दहा नंबरमध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे. लेणी देणारे राजे, राण्या, व्यापारी. आत बसणारे भिक्खू वेगळे. देणाऱ्यांनी गावं दिली, पैसे दिले, आणि नावं भिंतीवर कोरून घेतली. आत पावसाळ्यात दगडी ओट्यावर बसून जे शोधत होते, त्यांची नावं शोधून सापडत नाहीत.

पिंपळपार, तुमचा प्रश्न मला तिथे दगडात खोदलेला दिसला. फक्त त्यात देव नव्हता.

त्र्यंबकरोड

आज धागा फारच वैचारिक चाललाय. लेण्यांवर जाणाऱ्यांनी खाली पायऱ्यांपाशी माकडांपासून सावध राहावे, एवढी माझी भर.

ज्ञानबाचा_पाईक

राम कृष्ण हरी.

अर्धवट_नास्तिक, तुम्हाला जागा आहे. आमच्याकडे तर मानणाऱ्यालाच जागा मिळवायला कष्ट पडलेत. नामदेवरायांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण या प्रश्नाला तिच्याइतकं नेमकं उत्तर मला माहीत नाही.

नामदेव देव मानत होते असं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान. पांडुरंग त्यांच्याशी बोलायचा, त्यांच्या हातचं जेवायचा. आणखी काय हवं? संतमंडळी गोरोबाकाकांकडे जमली. मुक्ताईनं काकांना म्हटलं, यातली मडकी पक्की किती, कच्ची किती, ते बघा. काका कुंभार, त्यांनी मडकी थापायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांना राग आला. काकांनी निर्णय दिला, हे मडकं कच्चं.

नामदेव रुसून पंढरीला गेले. देवानं समजूत घातली नाही, गुरू कर म्हणून सांगितलं. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा, तिथे देव आहे. विसोबा म्हणाले, म्हातारा झालोय, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: पाय ठेवावे तिथे पिंड.

पिंपळपार, तुम्ही म्हणता मानणं एक आणि शोधणं एक. नामदेवरायांना तर देव भेटलेला होता, तरी शोध शिल्लक होता. त्यांना देव एका विटेवर सापडला होता आणि तेवढ्यावर ते निश्चिंत होते. थापटण्यानं ती निश्चिंती फुटली. मला वाटतं मानणारा निश्चिंत असतो, हीच त्याची खूण. शोधणाऱ्याला कुणीतरी डोक्यात मारलेलं असतं.

आपल्या निवृत्तिनाथांचंही तसंच बघा. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालायला सगळं कुटुंब गेलं, वाघ आडवा आला, पळापळ झाली, मुलगा वाट चुकून गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. ठरवून गेले ते प्रदक्षिणा करून घरी आले. वाट चुकली त्याला गुरू मिळाला.

निवृत्त_मास्तर

चर्चा रंगली आहे, म्हणून एक शास्त्राधार मांडतो. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्याला भजणारे चार प्रकारचे सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटात सापडलेला. अर्थार्थी म्हणजे ज्याला काही मिळवायचं आहे. आता लक्षात घ्या, यातल्या ज्ञान्याला त्यांनी सर्वांत प्रिय म्हटलं, पण बाकीच्या तिघांना हाकललं नाही. चौघेही उदारच, असं स्पष्ट म्हटलं आहे.

तेव्हा नवस बोलणाऱ्याला आपण जे नाक मुरडतो, ते भगवंतांनी मुरडलेलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवश्या गणपतीला जाणारा पोरगाही यादीत आहे. यादीत कोण नाही? ज्याला काहीच नको आहे आणि काही विचारायचंही नाही, तरी जो सवयीनं घंटा वाजवतो, तो. पिंपळपार, क्षमा असावी.

नाशिकरोडच्या मुक्तिधामात भिंतींवर अठराही अध्याय कोरलेले आहेत. फोटो काढणारे पुष्कळ दिसतात. सातव्यापाशी थांबून वाचणारा मला अजून भेटायचा आहे.

पिंपळपार

मास्तर, क्षमा कसली. नेमकं तिथेच दुखत होतं.

रात्रपाळी

मी सहसा इथे फक्त वाचते. आर्त शब्द आला म्हणून लिहिते.

मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात. कुठलं रुग्णालय ते सोडा. रात्री दोन-तीनच्या सुमाराला आमच्या दाराबाहेर जे नातेवाईक बसलेले असतात, त्यांना तुम्ही लोकांनी एकदा बघावं. दिवसा ते वेगळे असतात: फोन, डॉक्टरांशी हुज्जत, बिलाची चौकशी, डबा आला का. रात्री सगळं थांबतं. मग कुणी जपमाळ काढतं, कुणी तसबीह, कुणी मोबाइलवर अगदी बारीक आवाजात हनुमान चालीसा लावतं. एक गृहस्थ होते, मोठे बुद्धिवादी, आल्या दिवशीच सांगितलं होतं की अंगारा वगैरे आत कुणाला आणू देऊ नका. तिसऱ्या रात्री मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही काही म्हणता का मनात? म्हणत असाल तर हिच्यासाठी पण म्हणा." ते मानायला लागले होते असं मला वाटत नाही. त्यांचे हात रिकामे होते, आणि ते कुठेतरी पुढे करायचे होते.

उलटही पाहिलं आहे. आयुष्यभर पूजाअर्चा करणारी बाई मुलगा गेल्यावर म्हणाली, आता देवाचं तोंड बघणार नाही. म्हणाली तशी वागली, देव्हारा बांधून माळ्यावर टाकला. पण दर वेळी भेटली की देवाबद्दलच बोलते, भांडते, का म्हणून विचारते. पूर्वी पूजा करताना तिनं त्याला एवढं काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. आता यातलं मानणं कुठलं आणि शोधणं कुठलं, तुम्हीच ठरवा.

संकट टळलं की बहुतेक जण परत पहिल्यासारखे होतात, हेही सांगते. पेढे देतात आणि जातात. त्यात वाईट काही नाही. इतका वेळ उघड्यावर कुणाला राहवत नाही.

शरणपूररोड

रात्रपाळी, यानंतर लिहायला काही सुचत नाही. लिहीत जा.

येवल्याचा

सगळं वाचलं. सगळं छान आहे. आता जरा गैरसोयीचं.

तुमच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत आहे, की दार उघडं आहे आणि आत जायचं की नाही हे माणसाच्या मनावर आहे. पिंपळपार, तुम्ही रोज ज्या काळारामावरून जाता, तिथे २ मार्च १९३० ला काय सुरू झालं? डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मंदिराच्या दारांशी आली, आणि दारं बंद केली गेली. आत असलेले सगळे देव मानणारे. दार लावणारेही मानणारे. पुढच्याच महिन्यात रामाच्या रथयात्रेच्या वेळी दगडफेक झाली, दगड मारणारेही रामाचेच. दादासाहेब गायकवाडांनी पुढची काही वर्षं तो मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह चालू ठेवला. दार उघडलं नाही.

आता याला तुमच्या भाषेत काय म्हणायचं? बाहेरचे शोधणारे आणि आतले मानणारे? मला तसं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. बाबासाहेबांनी पुढे स्वच्छ लिहिलं आहे की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती. त्यांच्यात जाग यावी, स्वतःच्या स्थितीचं भान यावं, म्हणून होती. रामाची गरज त्यांना नव्हती. माणूस म्हणून त्या दारातून जाता येतं की नाही, एवढंच बघायचं होतं. उत्तर मिळालं. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षं अभ्यास केला, धर्मामागून धर्म तपासला, आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतली. शोधणं म्हणतात ते हे. मिळेल ते गळ्यात घालून घेतलं नाही.

आमच्या घरात देव्हारा नाही. सकाळी बुद्धवंदना असते. आजोबा म्हणायचे, देवानं आम्हाला बाहेर उभं केलं ते बरंच झालं, आत घेतलं असतं तर आम्हीही तुमच्यासारखेच आत बसून राहिलो असतो.

मानण्यात नुसती सवय नसते, पिंपळपार. त्यात मालकी असते. देव माझा, देऊळ माझं, दार माझं. ती सुटल्याशिवाय शोध वगैरे गप्पा आहेत.

ज्ञानबाचा_पाईक

येवल्याचा, हात जोडून मान्य. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर आहे. आत नाही. रोज हजारो वारकरी तिच्यावरून पुढे देवळात जातात, मीही जातो. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते देणारही नाही.

सिंहस्थ_बंदोबस्त

+१ येवल्याचा.

मालकीवरून आठवलं. २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात ड्युटीवर होतो, आता पुढचा तोंडावर आहे. नाशिकला रामकुंडावर वैष्णव आखाडे, त्र्यंबकला कुशावर्तावर शैव. पहिली डुबकी कुणाची यावर शतकांपूर्वी इतकी मारामारी झाली की जागाच वेगळ्या केल्या, असं जुने लोक सांगतात. एका बाजूला हे. दुसऱ्या बाजूला गर्दीत हरवलेली म्हातारी माणसं. आमच्या तंबूत आणून बसवायचो. एक आजी, भाषा कळेना, नाव सांगता येईना, पण गंगेचं पाणी भरलेली बाटली सोडेना. सोबतचे सापडले नाहीत म्हणून रडत नव्हती. "स्नान झालं," एवढंच खुणेनं सांगायची. संध्याकाळी सापडले तिचे लोक.

मला तुमच्या चर्चेतलं अर्धं कळलं नाही. पण ती बाई शोधायला आली होती की मानायला, हे मी छातीठोक सांगू शकणार नाही.

पिंपळपार

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

माझं मत बदललं का? थोडं. मी धागा काढला तेव्हा शोधणं ही काही थोर माणसांनी करायची गोष्ट समजत होतो, आणि मला ती जमत नाही याची एक सुखद खंतही होती. त्या खंतीत आराम असतो. रात्रपाळींनी लिहिलेल्या दाराबाहेर बसलेल्या माणसाला तो आराम नाही. येवल्याचा यांच्या आजोबांना नव्हता. थापटणं बसलेल्या नामदेवांना नव्हता. मला अजून कुणी मारलेलं नाही आणि मारून घ्यायला मी कुठे जातही नाही, हे आता जास्त स्पष्ट दिसतं.

मालकीचा मुद्दा मात्र मला झोपू देणार नाही. आमच्या घरात शिवाशिव कधी कुणी पाळली नाही असं आम्ही अभिमानानं सांगतो. पण गल्लीतल्या मंडळाच्या पूजेला कुणाकुणाला बोलावणं जातं याची यादी मी कधी नीट वाचलेली नाही. या वर्षी ती यादी करायच्या बैठकीला मी जाणार आहे. त्याला शोध म्हणायचं की नाही, माहीत नाही.

चुलीपाशी

जा. आणि त्या दिवशीचं निर्माल्य तुम्ही उचला.

निवृत्त_मास्तर

बैठकीचा वृत्तान्त इथे टाकावा.

अर्धवट_नास्तिक

पाईकबुवा, एक विचारायचं राहिलं. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला ठिकठिकाणच्या दिंड्या त्र्यंबकला येतात ना? नाशिकपासून पुढे चालायचं मनात आहे. पण मी काही मानत नाही. चालेल का? उगाच कुणाची फसवणूक नको.

ज्ञानबाचा_पाईक

माउली, दिंडीत ते कुणी विचारत नाही. टाळ धरता येतो का, एवढं विचारतील. येत नसेल तर मागच्या बाजूला चाला. पायात नवीन चप्पल घालू नका, आणि स्वेटर आणा. पौषात त्र्यंबकला गारठा फार.